रात्रीच्या गश्तीसाठी चोऱ्यांचा अंदाज: माझं मॉडेल सारखं एकाच वस्तीकडे बोट दाखवतंय

मृण्मयी_इंदूर

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण अर्धवट सांगितला तर उत्तरही अर्धवट मिळेल, म्हणून सगळंच लिहिते.

मी इंदूरला एम.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुदामा नगरात आजी-आजोबांकडे राहते. आमच्या आजूबाजूच्या दोन-तीन कॉलन्यांत बंद घरं फोडण्याचे प्रकार सुरू झाले, तेव्हा रहवासी संघाची मीटिंग आमच्याच अंगणात झाली. आजीने वीस जणांचे पोहे केले. पोलीस थान्यात जाऊन टीआई साहेबांना, म्हणजे थान्याच्या प्रमुखांना, भेटायचं ठरलं आणि मीही त्यांच्याबरोबर गेले. साहेब शांतपणे म्हणाले, "रात्री माझ्याकडे गाडी एक आणि मोटारसायकली दोन. इलाका एवढा मोठा. कुठे पाठवू ते तुम्हीच सांगा." मी म्हटलं, सांगते. तिथून हे प्रोजेक्ट सुरू झालं.

थान्यातून मला नावं काढून टाकलेली एक्सेल फाइल मिळाली. २०२२ ते २०२४, तीन वर्षांच्या नोंदी. मी इलाक्याचे १५० मीटरचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनासाठी मागच्या महिन्यातल्या घटना, वार, सणवार, मोठ्या रस्त्यापासूनचं अंतर, त्या चौकोनात राहणाऱ्या निगरानी बदमाशांची (पोलिसांनी रजिस्टरात नाव लिहून नजरेखाली ठेवलेल्यांची) संख्या आणि झालेल्या प्रतिबंधात्मक कारवाया, एवढं घातलं. रँडम फॉरेस्ट चालवलं, म्हणजे पुष्कळ निर्णयवृक्षांचा कौल घेऊन अंदाज काढणारी संगणकी पद्धत. अचूकता ९७ टक्के आली. आमचे सर खूश झाले, मीही झाले.

मग नकाशा रंगवला. सगळ्यात लाल दहा चौकोनांपैकी सात नाल्यापलीकडच्या एकाच वस्तीत. मी फाइल पुन्हा उघडून बोट ठेवून ओळी मोजल्या. त्या वस्तीत घरफोडी जवळजवळ नाहीच. घरं फुटतात ती आमच्या बाजूला, आणि लाल होते ती वस्ती. आजीने लॅपटॉपमध्ये डोकावून विचारलं, "आपल्या भांडीवाल्या मावशींचं घर ह्यात लाल का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

आणखी एक कोडं. जुलै २०२४ नंतर घरफोड्यांची रेघ एकदम जमिनीला टेकते, जणू चोर गाव सोडून गेले.

पुढच्या महिन्यात हे साहेबांना दाखवायचंय, आणि त्यावर खरोखर गाडी फिरणार आहे. म्हणून विचारते. मॉडेल बदलू, डेटा बदलू, की हे कामच सोडून देऊ?

जुना_मुन्शी

मृण्मयी बाळ, तुझं ते फॉरेस्ट मला समजत नाही. पण तू ज्या नोंदींवर ते चालवलंस, तसल्या नोंदी लिहिण्यात माझी हयात गेली. आरक्षक म्हणून लागलो, सहायक उप निरीक्षक म्हणून निवृत्त झालो, आणि मधली बरीच वर्षं थान्याचा मुन्शी, म्हणजे नोंदी लिहिणारा, होतो. आधी हाताने रजिस्टरं, मग सीसीटीएनएस (पोलीस नोंदींची देशभरची संगणक प्रणाली) आल्यावर संगणकावर. तेव्हा नोंदींबद्दल बोलतो.

जुलैचं कोडं सोपं आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधी रात्रीची नकबजनी, म्हणजे घरफोडी, जुन्या दंड संहितेच्या ४५७ आणि ३८० मध्ये जायची, आता तीच ३३१ च्या पोटकलमात आणि ३०५ मध्ये जाते. तू कलमांचे आकडे लावून ओळी निवडल्या असशील, तर जुलैनंतर चोऱ्या तुझ्या चाळणीतून खाली पडल्या. चोर इथेच आहेत. दोन्ही कलमं एकत्र लाव.

आता वस्तीचं. तुझ्या फाइलीत "घटना" म्हणून जे जे मोजलंस त्यात आबकारी ३४ (दारू), जुगार, २५ आर्म्स (हत्यार) आहेत का बघ. आम्ही त्यांना माइनर ॲक्ट म्हणतो. ह्या केसला फिर्यादी नसतो, फिर्यादी पोलीसच. नकबजनी लिहायची तर लोक थान्यात येतात. माइनर ॲक्ट लिहायचा तर गाडीला बाहेर जावं लागतं, आणि गाडी जिथे गेली तिथे केस झाली. महिना संपत आला आणि ह्या महिन्यात आबकारी किती अशी वरून विचारणा आली की गाडी नाल्यापलीकडे जायची. तिथे भिंती पातळ, दारं उघडी, आणि वकिलाला फोन लावणारं कोणी नाही. बंगल्यातली बाटली मी सगळ्या नोकरीत एकदाही लिहिली नाही.

प्रतिबंधात्मक कारवायांचंही तेच. १५१ म्हण, नव्या कायद्यात १७०, म्हणजे गुन्हा होण्याआधीच ताब्यात घेणं. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) आल्या, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आली, की आधीच्या दोन दिवसांत यादी काढायची. यादी कुठून काढायची? मागच्या वर्षीच्या यादीवरून. म्हणजे ज्याचं नाव एकदा आलं त्याचं दर वर्षी येतं, त्याने त्या वर्षी काही केलेलं असो की नसो. हा आकडा तू मॉडेलला गुन्ह्याचं लक्षण म्हणून दिलास. ते आमच्या सवयीचं लक्षण आहे.

वेळेचंही सांगतो, कारण गश्त म्हणजे वेळच. कुटुंब लग्नाला खंडव्याला गेलं, चौथ्या दिवशी सकाळी परत आलं, कुलूप तुटलेलं. चोरी कधी झाली? आम्ही एफआयआरमध्ये "ह्या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" लिहितो. तुझ्या एक्सेलमध्ये दोन रकाने आले असतील, किंवा एकच आला असेल. एकच आला असेल तर तो बहुधा लोक तक्रार द्यायला आले ती वेळ, सकाळी दहा-अकरा. त्यावर तुझं मॉडेल साहेबांना सांगेल की गाडी सकाळी अकराला काढा.

आणि जागा. एफआयआरच्या नमुन्यात घटनास्थळाचा पहिला रकाना आहे तो थान्यापासून दिशा आणि अंतर. "पश्चिम, दोन किलोमीटर." पत्ता त्याच्या खाली, आणि घाईत तिथे नुसतं "सुदामा नगर" लिहिलं जातं. तुझ्या संगणकाने सगळ्या कॉलनीच्या चोऱ्या एकाच खुणेवर ठोकल्या असतील. प्रत्येक ओळ हाताने बघ, सेक्टर आणि गल्ली लाव. कंटाळवाणं काम आहे, पण तेवढंच काम आधी कर.

शेवटची गोष्ट लिहायला मला जड जातंय. जे लिहिलंच गेलं नाही ते तुझ्या फाइलीत नाही. एका थान्यात असताना, नाव सांगत नाही, नाल्यापलीकडचा एक रात्रपाळीचा चौकीदार आला. घरातलं गॅस सिलेंडर चोरीला गेलं होतं. मी त्याला कोऱ्या कागदावर आवेदन लिहायला सांगितलं, कागद फाइलीत लावला, नंबर दिला नाही. कॉलनीतल्या एका गृहस्थांचं सिलेंडर अंगणातून गेलं, त्यांची एफआयआर मी त्याच दिवशी लिहिली. दोघांचं सारखंच गेलं होतं. चौकीदार पुढे दोनदा विचारायला आला, मग यायचा थांबला. त्या वस्तीतले असे किती कागद माझ्या हाताखालून गेले असतील ते आठवून मला आजही बरं वाटत नाही. तुझ्या नकाशात ती वस्ती आरोपी म्हणून दहा वेळा आहे आणि फिर्यादी म्हणून एकदाही नाही. ह्यातला निम्मा दोष माझ्यासारख्यांच्या लेखणीचा आहे.

तिलकनगरकर

मुन्शीकाका सांगतात ते खरं असेल, पण ज्याचं घर फुटलं त्याच्या बाजूनेही कोणी बोलायला हवं. आमचं घर मे महिन्यात फोडलं. आईच्या पाटल्या आणि बाबांच्या निवृत्तीचं घड्याळ गेलं. आईने त्यानंतर सहा महिने दुपारीसुद्धा आतून कडी लावली. नऊ दिवसांनी आमच्या मागच्या गल्लीतलं घर फुटलं, त्याच पद्धतीने, स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी कापून. त्या नऊ दिवसांत गाडी एकदाही आमच्या गल्लीत आली नव्हती. मृण्मयीताई, काम सोडू नका. गाडी कुठेतरी जाणारच आहे, ती नेमकी जावी एवढंच आमचं म्हणणं आहे.

रामबागचा_पुण्यात

मूळचा रामबागेतला, आता पुण्यात डेटाचंच काम करतो. तिलकनगरकरांच्या त्या नऊ दिवसांत तुझ्या प्रोजेक्टचा अर्धा गाभा आहे, म्हणून तिथून सुरू करतो.

एक घर फुटलं की आसपासच्या घरांचा धोका काही दिवस वाढतो. चोराला गल्ली कळलेली असते, पळायची वाट कळलेली असते, शेजारची घरं त्याच नकाशाची असतात. २००७ मध्ये पाच देशांतल्या दहा भागांच्या घरफोड्या तपासल्या गेल्या, तेव्हा हा धोका साधारण २०० मीटर आणि निदान दोन आठवडे टिकतो असं दिसलं. भूकंपानंतरच्या धक्क्यांसारखं. ही नुसती उपमा नाही. भूकंपाच्या पश्चात धक्क्यांसाठी जपानी संख्याशास्त्रज्ञ योशिहिको ओगाता यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या मॉडेलचीच कल्पना जॉर्ज मोहलर आणि जेफ ब्रँटिंगहॅम यांच्या गटाने २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या घरफोड्यांना लावली. त्यातून पोलिसांना गुन्ह्यांच्या जागांचे अंदाज देणारी प्रेडपोल नावाची कंपनी निघाली. तिचे चौकोन ५०० फुटांचे होते, म्हणजे तुझ्या १५० मीटरएवढेच.

त्या कंपनीचं पुढे काय झालं ते तुला माहीत असायला हवं. सांताक्रूझ शहराने २०११ मध्ये हे सगळ्यात आधी वापरलं आणि २०२० मध्ये त्यावर बंदी घातली. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनीही त्याच वर्षी ते थांबवलं. न्यू जर्सीतल्या प्लेनफील्ड शहरासाठी २०१८ मध्ये ह्या प्रणालीने काढलेले २३,६३१ अंदाज पत्रकारांनी नंतर प्रत्यक्ष नोंदींशी ताडून बघितले. जुळलेले शंभराच्या आत होते.

आता तुझे ९७ टक्के. तुझ्या इलाक्यात चाळीस चौकोन आहेत आणि एका रात्री एकच घर फुटलं असं धर. "आज कुठेच काही होणार नाही" असं डोळे मिटून सांगणारं मॉडेल चाळिसापैकी एकोणचाळीस ठिकाणी बरोबर ठरतं. साडेसत्त्याण्णव टक्के. तुझ्यापेक्षा अर्धा टक्का जास्तच. तेव्हा अचूकता हा शब्द प्रेझेंटेशनमधून काढून टाक. विचारायचा प्रश्न असा: गाडी रात्रीत चार चौकोन बघू शकते, तर महिन्यातल्या किती घरफोड्या मी आदल्या रात्री सांगितलेल्या चारांत पडल्या? आणि तीच गणती एका साध्या नियमाशी लावून बघ, "मागच्या चौदा दिवसांत जिथे घर फुटलं तिथेच जा." तुझं मॉडेल ह्या नियमाला हरवत नसेल तर मॉडेलची गरज नाही, नियम कागदावर लिहून दे. टेस्टसाठी ओळी यादृच्छिक निवडू नकोस. पहिली दोन वर्षं शिकवायला, तिसरं तपासायला. नाहीतर मॉडेल उद्याचं बघून आजचं सांगतं.

मुन्शीकाकांनी वेळेबद्दल सांगितलं त्यावर उपाय आहे. घर चार रात्री बंद होतं तर ती चोरी प्रत्येक रात्रीत पाव-पाव वाट. अशा शंभर चोऱ्यांच्या वाटण्या एकावर एक ठेवल्या की खऱ्या वेळांचा उंचवटा आपोआप वर येतो.

मला सगळ्यात जास्त काळजी आहे ती चक्राची. एक घागर घे, त्यात एक लाल आणि एक काळी गोटी. न बघता एक काढ. जी येईल ती परत टाक, वर त्याच रंगाची आणखी एक टाक. असं शंभरदा कर. सुरुवातीला योगायोगाने एक रंग पुढे गेला की तो बहुतेक वेळा पुढेच राहतो. घागरीला हे माहीत नसतं की दोन्ही रंग सारखेच होते. २०१८ मध्ये काही संशोधकांनी ह्याच घागरीच्या गणिताने दाखवलं, की गश्तीने शोधलेले गुन्हे मॉडेलला परत भरवले तर ते ह्याच पद्धतीने घसरतं. त्याआधी २०१६ मध्ये क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक यांनी ओकलंड शहराच्या अमली पदार्थांच्या पोलीस नोंदी प्रेडपोलच्या पद्धतीला खाऊ घातल्या. आरोग्य सर्वेक्षणावरून काढलेला अंदाज सांगत होता की नशा करणारे शहरभर पसरलेले आहेत. मॉडेल मात्र गाडी मुख्यतः कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्यांत पाठवत राहिलं. तुझे आबकारी ३४ आणि त्यांच्या अमली पदार्थांच्या अटका, दोन्ही एकाच जातीचे आकडे.

म्हणून ठेवायचं ते फक्त असं, जे लिहिण्यासाठी माणूस स्वतः चालत थान्यात येतो. घरफोडी, वाहनचोरी. निगरानी बदमाशांचा रकाना, प्रतिबंधात्मक कारवाया, माइनर ॲक्ट, तिन्ही पूर्ण बाहेर. वजन कमी करून ठेवते वगैरे नको, बाहेर म्हणजे बाहेर.

गाडी तिथे जाऊन काय करते हेही ठरव. १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटीत पोलिसांनी पंधरा बीटांचे (गश्तीच्या हद्दींचे) तीन गट केले. एका गटात नेहमीची गश्त बंद, दुसऱ्यात होती तशी, तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट. वर्षभराने गुन्ह्यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. नुसतं गोल गोल फिरून काही होत नाही. उलट मिनियापोलिसमध्ये नेमक्या कोपऱ्यांवर थांबण्याचे प्रयोग झाले तिथे फरक दिसला, आणि क्रिस्टोफर कोपर यांनी १९९५ मध्ये दाखवलं की एका जागी दहा ते पंधरा मिनिटं थांबणं सगळ्यात फायद्याचं. त्यापुढे थांबून वाढीव उपयोग होत नाही. एक गाडी, चार जागा, प्रत्येकी पंधरा मिनिटं, रात्रीतून दोन फेऱ्या. एवढं एका गाडीला जमतं.

शाळेतल्या_बाई

मी नाल्यापलीकडच्या अशाच एका वस्तीला लागून असलेल्या शाळेत शिकवते. तुमचीच वस्ती की दुसरी, ते महत्त्वाचं नाही.

माझ्या आठवीच्या वर्गातल्या एका मुलाचा मोठा भाऊ भंगाराचं काम करतो. झांक्यांच्या आधी तो दोन दिवस गायब होतो. पहिल्या वर्षी मी विचारलं, दादा कुठे गेला? मुलगा म्हणाला, "थान्यात, सणाला नेतात." सणाला मामाकडे गेला म्हणावं तशा आवाजात म्हणाला. त्याच्यावर एकही गुन्हा शाबित झालेला नाही. पण वडिलांचं नाव यादीत होतं, मग काकाचं आलं, मग ह्याचं.

ती वस्ती बरीचशी विमुक्त जमातीच्या लोकांची आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला, जमातच्या जमात जन्माने गुन्हेगार ठरवली, हजेऱ्या लावल्या, गाव सोडायला परवाना लावला. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, आणि ही माणसं तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण निगराणीची रजिस्टरं राहिली. आपल्याच मध्य प्रदेशच्या पोलीस नियमांतली ८५५ आणि ८५६ ही निगराणीची कलमं सर्वोच्च न्यायालयापुढे गेली होती, गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य, १९७५. न्यायालयाने ती रद्द केली नाहीत, पण ती घटनाबाह्य होण्याच्या अगदी काठावर आहेत असं म्हटलं, आणि जुने नियम सुधारून घ्या असा सल्ला दिला. मृण्मयी, तू जो "निगरानी बदमाशांची संख्या" रकाना घातलास तो त्या रजिस्टरातून आलाय. त्यात आजोबांपासूनची नावं आहेत.

दिल्ली पोलिसांनी इस्रोच्या मदतीने गुन्ह्यांचा नकाशा काढणारी सीमॅप्स नावाची प्रणाली केली. विदुषी मर्डा आणि शिवांगी नारायण यांनी दिल्लीत बसून तिचा अभ्यास केला, २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. गरीब वस्त्या नकाशावर जास्त का उठून दिसतात ह्याची मुळं त्यांना माहिती गोळा होते तिथेच सापडली, नकाशा काढण्याच्या कितीतरी आधी. मुन्शीकाकांनी वर जे सिलेंडरचं सांगितलं, त्याच जातीची गोष्ट.

तुझा नकाशा चुकला आणि गाडी चुकून सुदामा नगरात दोन रात्री जास्त थांबली, तर तुम्हाला बरंच वाटेल. आमच्याकडे चुकून थांबली तर कोणाच्या तरी भावाला उचलतील. एकाच चुकीची किंमत दोन ठिकाणी वेगळी आहे. हे गणितात कुठे घालतात ते मला माहीत नाही, तू शोध.

जुना_मुन्शी

बाईंचं वाचलं. त्या यादीत मी स्वतःच्या अक्षराने नावं उतरवली आहेत, मागच्या वर्षीच्या पानावरून ह्या वर्षीच्या पानावर. मेलेल्या माणसांचीही उतरवली, कारण कोणी काट मारली नव्हती आणि काट मारायला वरची सही लागायची. बाईंना सांगतो, तुमच्या त्या मुलाच्या भावाच्या नावावर एकही गुन्हा शाबित नसेल तर निगराणीतून नाव काढायचा अर्ज वरिष्ठांकडे करता येतो. अर्जाचा मसुदा मी लिहून देईन. मला वैयक्तिक निरोप पाठवा.

मृण्मयी, तुला एकच विचारतो. तुझ्या नकाशावर गाडी गेली, तिथे पंधरा मिनिटं थांबली, आणि थांबलेल्या शिपायाने समोरच्या टपरीवर आबकारीची केस केली. ती केस पुढच्या महिन्यात तुझ्या फाइलीत येणार की नाही? ह्याचं उत्तर साहेबांकडून लेखी घे. तोंडी घेऊ नकोस. साहेबांची बदली होते, तोंडी शब्द त्यांच्याबरोबर जातो.

मृण्मयी_इंदूर

सहा आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. सगळ्यांनी सांगितलेलं एकेक करून बघितलं, म्हणून वेळ लागला.

पहिले तीन आठवडे नुसते पत्ते लावण्यात गेले. मुन्शीकाका बरोबर होते, कॉलनीच्या निम्म्याहून जास्त चोऱ्या एकाच खुणेवर बसल्या होत्या, ती खूण एका बागेच्या मधोमध होती. आजोबा मदतीला बसले. ते इथे कॉलनी वसली तेव्हापासून राहतात. "पाण्याच्या टाकीजवळ" म्हणजे कुठली टाकी, "पिंपळासमोर" म्हणजे तो पडलेला पिंपळ, हे त्यांनाच माहीत होतं. नवी-जुनी कलमं एकत्र लावली, जुलैनंतरची रेघ परत वर आली. रात्री वाटून लावल्या, आणि उंचवटा मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या मध्ये दिसला. आधीचं मॉडेल खरोखरच सकाळी साडेदहा सांगत होतं.

मग तिन्ही रकाने काढले. नकाशा बघून मी बराच वेळ नुसती बसले. वस्तीतला एकही चौकोन पहिल्या दहात नाही. लाल झाली ती कॉलन्यांची मागची बाजू, जिथे रिकामे प्लॉट आहेत आणि दिवे नाहीत. त्यातले दोन चौकोन आमच्या घराला लागून आहेत. आजीला दाखवलं. ती म्हणाली, "आता मावशींना दाखव." दाखवलं. मावशींनी नकाशाकडे फार बघितलं नाही. मागच्या पावसाळ्यात त्यांची शिलाई मशीन चोरीला गेली होती, ती ह्यात आहे का असं विचारलं. नव्हती. त्या थान्यात गेलेल्या, आवेदन दिलेलं. मी रहवासी संघाच्या दोघांना बरोबर घेऊन मावशींसोबत गेले. ह्या वेळी एफआयआर झाली, नंबर मिळाला. तो चौकोन आता नकाशावर पहिल्यांदा फिर्यादी म्हणून आला आहे.

रामबागच्या दादांनी सांगितलेली तुलनाही केली. तिसऱ्या वर्षावर तपासलं, तर माझं मॉडेल त्या चौदा दिवसांच्या साध्या नियमाच्या पुढे जेमतेम जातं, काही महिन्यांत मागेच पडतं. सरांना सांगितलं. ते थोडे हिरमुसले, कारण रँडम फॉरेस्ट प्रोजेक्टच्या नावातच आहे. पण मी साहेबांना मॉडेल दिलंच नाही, एक पान दिलं. नकबजनी लिहिली गेली की त्या घराच्या दोन्ही बाजूच्या गल्ल्या आणि मागची गल्ली, चौदा रात्री, दोन ते चारच्या मध्ये दोनदा, पंधरा-पंधरा मिनिटं. त्याच दिवशी शेजारच्या घरांना संघाची चिठ्ठी: तुमच्या जवळ घर फुटलंय, जाळ्या तपासा, बाहेरगावी जाणार असाल तर कळवा. तिलकनगरकर, ही चिठ्ठी तुमच्या नऊ दिवसांवरून सुचली.

बाई, चुकीची किंमत गणितात घालायचा प्रयत्न केला, पण वस्तीतल्या माणसाला उचलण्याला किती आकडा लावायचा हे मी ठरवणं मला पटलं नाही. त्याऐवजी पानावर एक ओळ लिहिली: ह्या फेऱ्यांत शिपाई थांबेल, दिसेल, बोलेल, पण माइनर ॲक्टची केस करायला ही फेरी वापरायची नाही, आणि केली तरी ती ह्या नोंदीत धरायची नाही.

साहेबांनी पान दोनदा वाचलं. गल्ल्या मान्य, वेळ मान्य, चिठ्ठी फार आवडली. त्या ओळीवर पेन थांबलं. म्हणाले, दुसरा भाग लिहून देतो, पहिला मला वर विचारावा लागेल. दुसऱ्या भागाखाली तारखेसह सही केली. पहिल्या भागासमोर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे. सोमवारी पुन्हा जाणार आहे. मुन्शीकाका, तुम्ही बरोबर याल का?

जुना_मुन्शी

येतो. साडेदहानंतर जाऊ, त्याआधी साहेब रोजनामचा (थान्याची रोजची नोंदवही) बघत असतात. पानाच्या दोन प्रती काढ, एकीवर आवकचा शिक्का घेऊ.